डाव्या बाजूची खिडकी

“मॅडम, तुम्ही एकट्याच आहात ना?” त्या माणसानं विचारलं, तेव्हा माझा पट्टासुद्धा अजून लागला नव्हता. पट्ट्याचं एक टोक हातात, दुसरं माझ्याच अंगाखाली दबलेलं, ते ओढून काढायला मी अर्धवट उठलेली, आणि वरून हा प्रश्न. प्रश्न कसला, हुकूमच तो. शेवटी ‘ना’ लावून मऊ केलेला. विमानात मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते, तिथलं बाकी सगळं मला नवं होतं, पण हे वाक्य मात्र चांगलं ओळखीचं होतं. मोहर्लीच्या गेटवर, ताडोब्यात शिरणाऱ्या जिप्सीपाशी उभं राहून नऊ वर्षं मी स्वतःच ते म्हणत आले आहे. जिप्सीत सहा पर्यटक. पाच एका घरचे असले आणि सहावा एकटा आला असला, की घरच्यांना एकत्र बसायचं असतं. एकट्याला काय, कुठेही बसवा. मग गाइडनं हसून, आवाजात थोडं तूप घालून म्हणायचं, तुम्ही एकटेच आहात ना, जरा मधे सरकता का. एकटा माणूस सरकतो. नऊ वर्षांत कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणून तो माणूस पुढे सांगायला लागला, “माझी सीट तिकडं हाये, अकरा ए, अन् ह्या दोघी इथी, तं तुम्ही जर—” तेव्हा त्याचं ‘जर’ संपायच्या आत मी म्हटलं, “नाही. ही माझी सीट आहे.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. जंगलात कुजबुजत बोलायची सवय झालेल्या बाईच्या तोंडून तो कुठून निघाला कोण जाणे. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. माणूस चाळिशीचा, आमच्याच भागातला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडावर लग्नघरच्या यजमानाचं हसू. हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. त्याची बायको मधल्या वाटेच्या कडेला बसलेली, आणि तिच्या नि माझ्यामधे त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी, चंचल. नाव मला कळलं कारण पुढची दहा मिनिटं ते नाव घेऊन घेऊन तिची समजूत काढणं चाललं होतं. चंचलला खिडकी पाहिजे होती. चंचलला बाबा शेजारी पाहिजे होते. चंचलला दोन्ही मिळत नव्हतं आणि ते कुणामुळे मिळत नाही हे तिला पक्कं समजलं होतं. रडताना ती मधूनच थांबून माझ्याकडे बघून घेत होती. मग एअर होस्टेस आली. ती तर माझीच बहीण निघाली. तेच हसू, तेच तूप. मॅम, इफ यू डोन्ट माइंड, आप अकेली हैं तो. मी तिलाही नाही म्हटलं, या वेळी हिंदीत. ‘जैसी आपकी मर्जी’ असं म्हणून ती गेली. तो माणूसही गेला, आपल्या अकरा एकडे, आणि त्याची बायको त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, “जाऊ द्या जी, एकेक लोक असतेत तसे.” मी पट्टा लावला. कान गरम झाले होते. मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर छाती भरून येईल वगैरे. तसलं काही झालं नाही.

मी हट्टी बाई नाही. हे मी त्या बायकोला सांगणार होते, पण कशाला सांगायचं. मोहर्लीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत मी किती वेळा पुढची जागा सोडून मागे हादरे खात गेले आहे, त्याची मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत जोडपी बसतात, लेकुरवाळ्या बसतात, आणि मग कुणीतरी आठवणीनं म्हणतं, दिव्यानी एकटीच हाये ना, बसन कुठीही. घरीही तेच. माझा धाकटा भाऊ पियुष घुग्घुसला कोळसा खाणीत लागला, त्याचं लग्न झालं, रोशनी घरात आली, तेव्हा माझी खोली त्यांना द्यायची हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. मी संध्याकाळी सफारीवरून आले तर माझी गोधडी, माझी पेटी आणि माझ्या गणवेशाचे दोन जोड आईच्या खाटेपाशी येऊन पडले होते. राग कुणावर धरायचा? रोशनी चांगली मुलगी आहे. पण अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न न झालेली बाई ही घरातली सगळ्यात हलकी वस्तू असते, कुणीही उचलून कुठेही ठेवावी. मला या गोष्टीचा किती राग आहे हे मला त्या विमानात, त्या चौदा एफवर बसल्यावर कळलं. एवढा साठलेला राग मी एका अनोळखी माणसावर आणि त्याच्या पोरीवर काढला होता. आणि तरी मला जागा सोडायची नव्हती. ही एक जागा नाही. आज नाही.

कारण त्या खिडकीतून मला आमचा तलाव बघायचा होता. हैदराबादच्या एका संस्थेनं जंगलात काम करणाऱ्या महिला गाइडांचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं, मोहर्लीतून माझं नाव गेलं, तिकीट आलं. घरात सगळ्यांनी विमानाचं कौतुक केलं. आईनं, रुखमाबाईनं, एकच विचारलं, विमान कुठून जाते? मी सांगितलं, नागपूरहून सरळ खाली, दक्षिणेला. मग आपल्या जंगलावरून जात असन, ती म्हणाली. वरून नाही, पण बाजूनं जातं, मी म्हटलं. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, “पाह्यजो बरं मंग. तलाव हाये का बोडी हाये, एकदा नीट पाहून ये.”

हे भांडण अठरा वर्षांचं आहे. आमचं गाव जांभुळटोली, वाघाच्या जंगलाच्या ऐन पोटात. मी दहा वर्षांची असताना गाव उठवलं आणि आम्हाला बाहेर, मोहर्लीच्या या अंगाला आणून वसवलं. आम्ही ढिवर. तलावावर जगणारी माणसं. बाप जाळं टाकायचा, आई मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. उठायच्या दिवसांत एक कारकून गावातल्या गोष्टींची यादी करत आला होता. घरं इतकी, विहिरी इतक्या, मोहाची झाडं इतकी. तलावापाशी आल्यावर त्यानं लिहिलं, बोडी एक. बोडी म्हणजे शेतातलं डबकं, धानाच्या चार बांध्यांना पाणी पुरवणारं. माझ्या बापानं, देवाजीनं, त्या कागदावर सही केली. आईनं त्याला ते शेवटपर्यंत माफ केलं नाही. तलाव होता, ती म्हणायची, या पारीवरून, म्हणजे या काठच्या बांधावरून, हाक मारली तर त्या पारीवरच्या माणसाला ऐकू जायची नाही. बोडीच होती थे, बाप म्हणायचा, तुही माय उगाच मोठी करून सांगते. आता बाप जाऊन सहा वर्षं झाली, आणि भांडायला कुणी उरलं नाही म्हणून आई माझ्याशी भांडते. मला खरं काय ते आठवत नाही. मला पायाखालचा गार चिखल आठवतो, पाण्यावरची शिंगाड्याची पानं आठवतात, आणि पलीकडचा काठ आठवायला गेलं की तिथे काही नसतंच. दहा वर्षांच्या पोरीला सगळंच मोठं दिसतं. गाइड झाले तेव्हा वाटलं होतं, कधीतरी त्या बाजूला जाता येईल. नाही जाता येत. पर्यटकांचा रस्ता तीन किलोमीटर अलीकडे संपतो, पुढे साखळी आहे. त्या साखळीपाशी जिप्सी वळवताना मी रोज पर्यटकांना सांगते की पुढे फक्त वाघांचं राज्य आहे, आणि ते खूश होतात. आई बाहेरच्या गावात इतकी वर्षं दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदण करते आहे. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. तिला मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मानलं असतं, आणि म्हणूनच मला खोटं सांगायचं नव्हतं.

विमान अजून जागचं हललं नव्हतं. चंचल हुंदके देत होती आणि मला गुणवंतराव आठवत होते. अकोल्याहून आले होते, मागच्या उन्हाळ्यात. केस पिकलेले, अंगानं सडपातळ, निवृत्त मास्तर असावेत. मागच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात येऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. बाकीचे पाच एका घरचे. त्यांच्यातल्या बाईला कोपरा हवा होता. मी म्हटलं, काका, तुम्ही एकटेच आहात ना, मधे बसता का. ते लगेच सरकले, उलट मलाच ‘हो हो, त्यात काय’ म्हणाले. दोन तासांनी वाघीण आली ती डाव्या बाजूनं, बांबूतून, तीन पिल्लं घेऊन. ते पाचही जण उभे राहिले, मोबाइल वर केले, आणि मधे बसलेल्या म्हाताऱ्याला पाच पाठींपलीकडे काही दिसलं नाही. मला ते समोर दिसत होतं. मी त्या लोकांना बसा म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही, कारण वाघीण दिसल्याच्या आनंदात पर्यटक असले की गाइडनं मधे बोलायचं नसतं. गेटवर उतरताना गुणवंतराव म्हणाले, “पुढच्या वेळी मी दोन तिकिटं काढीन, बाई. एक माझं, आणि एक नुसतंच.” आवाजात राग नव्हता. तो असता तर मी विसरून गेले असते. त्यानंतरही मी ते वाक्य सोडलं नाही, रोज म्हणतेच आहे. गाडी भरायची तर दुसरं काय म्हणणार. पण मनात एक ठरवलं होतं, की आपल्यावर वेळ आली तर आपण सरकायचं नाही. समोरचा काय म्हणतो ते ऐकायचंसुद्धा नाही. ऐकलं की आपण सरकतो.

आणि जागा मी नुसती खिडकी म्हणून घेतली नव्हती, हिशेब करून घेतली होती. पियुषनं फोनवर विमानाच्या खुर्च्यांचा नकाशा काढला, मधे गल्ली, दोन्हीकडे तीन-तीन चौकोन, आणि म्हणाला, सांग कोणची पाह्यजे. मी त्याला थांबवलं. उभी राहिले, दाराबाहेर बघितलं, दक्षिण कुठे ते धरलं. विमान दक्षिणेला जाणार. ताडोबा पूर्वेला राहणार. दक्षिणेला तोंड केलं की पूर्व डाव्या हाताला. म्हणजे डावी बाजू पाहिजे, आणि फार मागे नको, फार पुढे नको. हे सगळं मी बोलून दाखवलं तेव्हा रोशनी आ वासून बघत होती, आणि मला बरं वाटलं, उगाच का कोणी गाइड होतं. मग नकाशावर बोट ठेवून मी सांगितलं, ही. चौदा एफ. पियुष म्हणाला, पक्कं ना? मी म्हटलं, जंगलात तू मला दिशा शिकवणार का?

विमान धावलं, आणि धावता धावता जमीन सुटली. पोट खाली राहिलं आणि मी वर गेले असं काहीतरी झालं. मी कपाळ खिडकीला टेकवलं. चंचलचं रडणं आपोआप थांबलं होतं. नागपूरच्या गच्च्या, निळ्या टाक्या, रिंगरोड, मग सगळं एका कुशीवर कललं आणि खिडकीत नुसतं आभाळ आलं. विमान वळत होतं. सूर्य माझ्या मांडीवरून सरकला, पुढच्या खुर्चीवर गेला, छतावर चढला आणि नाहीसा झाला. नोव्हेंबरचा महिना, सकाळचे आठ, आभाळ स्वच्छ. मनात म्हटलं, आता वळून सरळ झालं की ऊन पुन्हा माझ्या तोंडावर येईल, डोळे दिपतील, हातानं आडोसा करावा लागेल. विमान सरळ झालं. मी हात तयार ठेवला. ऊन आलं नाही.

ऊन नाही याचा अर्थ लावायला जंगलात मला एक पळसुद्धा लागत नाही. इथे मी दोनदा मान वळवून बघितली. ऊन पलीकडे होतं. मधल्या वाटेच्या त्या बाजूच्या तिन्ही खुर्च्या उन्हात न्हाऊन निघाल्या होत्या, एक म्हातारी डोळ्यांवर पदर घेत होती, आणि तीन रांगा पुढे अकरा एमध्ये तो कडक शर्टाचा माणूस खिडकीकडे वळून बसला होता. त्याचं डोकं उन्हानं कडेकडेनं सोनेरी झालं होतं. पूर्व तिकडे होती. जंगल तिकडे होतं.

जिप्सीत मी पुढच्या दांडीला धरून उभी असते, तोंड मागे, पर्यटकांकडे. त्यांची डावी ती माझी उजवी. पहिल्या वर्षी मी चुकले होते; अस्वल एका बाजूला आणि सहाही जणांना मी दुसऱ्या बाजूला बघायला लावलं. आमचा ड्रायव्हर नानाजी त्या दिवशी इतका चिडला, की मी घरी जाऊन आरशासमोर पाठ केलं, डावं म्हटलं की उजवा हात, उजवं म्हटलं की डावा. आता विचार करावा लागत नाही. पियुषनं खुर्च्यांचा नकाशा समोर धरला, तेव्हा मी तो विमानाच्या पुढे उभं राहून, दीडशे प्रवाशांकडे तोंड करून बघितला. डावी बाजू म्हटलं आणि बोट उजवीकडे गेलं. पुढच्या दारानं आत शिरून मागे मागे चालत आले तेव्हाही चौदा एफ डाव्याच हाताला आलं, मग शंका कशाला येते? कुठल्याही शहाण्या माणसानं, विमानात कधी न बसलेल्या माणसानंसुद्धा, डावं म्हणून डावंच दाबलं असतं. ही चूक करायला नऊ वर्षं गाइड असावं लागतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो माणूस मला काय देत होता, हे आता माझ्या डोक्यात उतरलं. अकरा ए. खिडकी. डावी. तो माझ्यापुढे उभा राहून माझीच जागा मला देत होता, हसून देत होता, आणि मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

उठावं असं वाटलं. पट्ट्याच्या कुलपावर बोटं गेलीसुद्धा. वर पट्ट्याचं चिन्ह पेटलेलं होतं, आणि जिप्सीतून खाली पाय ठेवू नका म्हणून नऊ वर्षं लोकांना दटावणारी मी तशीच बसून राहिले. उठून तरी काय म्हणणार होते? दादा, तुम्ही एकटेच आहात ना? मी मान लांब केली. पलीकडच्या खिडकीतून आभाळाची एक पट्टी दिसत होती, जमीन नाही. जमीन बघायला कडेलाच बसावं लागतं. माझ्या बाजूनं खाली यवतमाळकडची काळी रानं चालली होती, कापसाची, मधे वर्धा नदीचं एक वळण, एक सरळ रस्ता, दुसऱ्यांच्या जिल्ह्यातली दुसऱ्यांची शेतं. सुंदर होती. मला ती बघवत नव्हती. दहा मिनिटं, फार तर पंधरा, मी मनात गणित करत होते. आता वरोरा गेलं असेल, आता भद्रावती, आता मोहर्लीच्या गेटवर सकाळच्या गाड्या आत जाऊन तास उलटला असेल, आता जांभुळटोली. आता गेली. रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो काढायला आजूबाजूला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शेजारी चंचल आपल्या बाहुलीला पट्ट्यात बांधत होती. तिला मी म्हटलं, तुला बसायचं का इथे? तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिची आई म्हणाली, “राहू द्या. आता तिचा मूड गेला.”

पट्ट्याचं चिन्ह विझलं तसा तो माणूस उठून आला. सुरेंद्र त्याचं नाव. बायकोनं ‘सुरेंद्र, हळू, डोकं लागन’ म्हटलं तेव्हा कळलं. मुलीला खिडकी मिळाली नाही म्हणून त्यानं तिकडून तिच्यासाठी फोटो काढले होते, भरपूर. वाटेत वाकून त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, हे पाह्य, वाघायचं जंगल, बाबानं वरून पकडलं. चंचल एकेक फोटो सरकवायला लागली. विमानाचा पंख. ढग. पंख. मग एकदम धुरकट हिरवं, डोंगरांच्या रांगा, आणि त्यांच्यामधे काहीतरी चमकणारं. माझा हात पुढे गेला. “थांब जरा, मला दाखव,” मी म्हटलं. चंचलनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “नाई. हा माझा हाये.” मी हात मागे घेतला. तिचं बरोबरच होतं. सुरेंद्र म्हणाला, दे ना बेटा, मावशीले पाहू दे, दोन मिनिटं. तिनं दिला, पण फोनची एक कड आपल्या हातात धरून ठेवली.

फोटो उन्हाकडे तोंड करून काढलेला होता, म्हणून जमीन सगळी काळपट झाली होती आणि पाणी तेवढं पेटलं होतं. जिथे जिथे पाणी, तिथे तिथे पांढरा तुकडा. जवळचा मोठा, फाटल्यासारखा पसरलेला, तो इरई धरणाचा फुगवटा. त्याच्या डावीकडे, लांब, ताडोब्याचा तलाव. त्याच्या काठावर मी नऊ वर्षं उभी आहे, तो मी झोपेतही ओळखेन. आणि त्याच्यामागे, उजव्या अंगाला, जिथे पर्यटकांच्या नकाशावर नुसता हिरवा रंग असतो आणि एकाही पाणवठ्याचं नाव नसतं, तिथे तिसरा तुकडा. मी बोटांनी फोटो मोठा केला. तुकडा मोठा झाला, मग फुटून त्याचे चौकोन झाले. मी पुन्हा लहान केला. जंगलात माग काढताना आधी काय काय नाही ते काढून टाकायचं असतं, मग उरतं ते असतं. तिकडे दुसरा तलाव नाही, धरण नाही, खाण नाही. तोच होता. केवढा होता ते मात्र कळत नव्हतं. इतक्या वरून सगळ्या तलावांच्या बोड्या होतात. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. चंचलनं फोन ओढला तेव्हा भानावर आले. सुरेंद्रनं विचारलं, तुमी तिकडच्याच का? मी सांगितलं, मोहर्लीची, गाइड आहे, मला हेच बघायचं होतं आणि माझी बाजू चुकली. तो हसला नाही. थोडा वेळ त्यानं माझ्या खिडकीकडे पाहिलं, मग आपल्या जागेकडे.

“मी तेच तं सांगून राह्यलो होतो तुमाले,” तो म्हणाला. “तिकडूनही खिडकीच हाये म्हनून. तुमी आयकूनच नाई घेतलं.”

तुमची माफी मागते, असं म्हणायला गेले तर त्यानं हात हलवला, म्हणाला, चालते जी, मीही पयलेच उलटं विचारलं, तुमी एकट्या का म्हनून. सीटचं आधी सांगाले पाह्यजे होतं. उतरताना, सगळे सामान काढत वाटेत ताटकळलेले असताना, मी त्याला तो फोटो मागितला. त्यानं नंबर घेतला, फोनचं नेट चालू केलं, आणि हैदराबादच्या जमिनीवर माझं पाऊल पडायच्या आत आमचा तलाव माझ्या हातात आला, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेला. बाहेर येऊन एका खांबाला टेकून मी घरी फोन लावला. रोशनीनं उचलला आणि आईच्या कानाला दिला. आईनं पोचली का, खाल्लं का, काही विचारलं नाही.

“दिसला?”

मी सगळं सांगितलं. की मी चुकीच्या बाजूला बसले, की मला दिसला नाही, की एका भल्या माणसानं फोटो काढला आणि मी त्याच्याशी वाईट वागले होते, की फोटोत तो आहे पण तलाव की बोडी ते सांगता येत नाही, नुसतं चमकतं आहे. ती म्हणाली, “चमकून राह्यला म्हंजे पानी हाये.”

“आहे.”

“तलावाची पार फुटली नाई मंग.”

“नाही. भरलेला आहे.”

रोशनीनं मागून काहीतरी विचारलं, तिला आईनं गप्प केलं. मी म्हटलं, आई, पुढच्या वेळी बरोबर बाजूला बसेन, नीट बघून येईन. ती ते ऐकत नव्हती.

“मंग आता मासोया कोन काढून राह्यलं तिथी?”

“मासोळ्या कोणीच काढत नाही, आई. तिथे कोणी जातच नाही.”

“अठरा वर्सं?”

“अठरा वर्षं.”

“माय वं,” ती म्हणाली, हळूच, जणू पाण्याच्या कडेला उभी राहून बोलत होती. “केवढाल्या झाल्या असतीन.”